आश्रमशाळेतील खेळाचा हिशेब पदकांपलीकडे मांडावा : एका शिक्षक-प्रशिक्षकाचे खुले पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळांची पदे, वेळापत्रक, आहार आणि क्रीडा स्पर्धा यांविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

विषय : रोजच्या खेळास विद्यार्थ्यांच्या निवासाचा भाग मानण्याबाबत

महोदय व महोदया,

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर, सुरगाणा-पेठच्या टापूत, एका आश्रमशाळेत मी माध्यमिक वर्गांना भूगोल शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ मुलामुलींचा खो-खोचा व धावण्याचा सराव घेतो. नेमणूक एका विषयासाठी झालेली आणि मैदान आपखुशीने पत्करलेले असे माझ्यासारखे अनेक शिक्षक राज्यातील आश्रमशाळांमध्ये आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तरीही पुढे जे लिहीत आहे ते त्यांच्यापैकी बहुतेकांना ओळखीचे वाटेल, अशी माझी खात्री आहे.

आश्रमशाळेतल्या खेळाची नोंद आपण स्पर्धेच्या सदराखाली घेतो. किती संघ उतरले, किती विभागापर्यंत पोहोचले, पदके किती आली, एवढे तक्ते भरून दिले की खेळाचे वर्ष संपते. माझे म्हणणे असे आहे की, वर्षातले आठ-दहा महिने घरापासून दूर राहणाऱ्या मुलासाठी रोजचा खेळ हा जेवण, झोप आणि औषधपाणी यांच्याइतकाच निवासाचा भाग आहे, आणि तो संघात निवडल्या न गेलेल्या मुलाच्याही तितक्याच हक्काचा आहे. हे एकदा मान्य केले, तर पदे, वेळ, आहार आणि स्पर्धांची रचना यांविषयीचे आपले बरेच निर्णय बदलावे लागतील. ते बदलावेत, यासाठीच हे पत्र आहे.

दिवसभराच्या शाळेतले मूल संध्याकाळी घरी जाते. त्याला अंगण असते, गल्ली असते, भावंडे असतात. आमचे मूल शाळा सुटल्यावरही शाळेतच असते. पहाटे उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत ते घंटेवर चालते आणि प्रत्येक ठिकाणी रांगेत उभे राहते : पाण्यासाठी, नाश्त्यासाठी, परिपाठासाठी, जेवणासाठी. जुन्या इमारतींमध्ये तर दिवसा ज्या खोलीत वर्ग भरतो त्याच खोलीत रात्री अंथरुणे पसरली जातात. अशा दिवसात मैदानावरचा एक-दीड तास हाच मुलाच्या स्वतःच्या मर्जीचा वेळ असतो. जूनमध्ये नवीन आलेली लहान मुले घरच्या आठवणीने कुढत असतात, वर्गात तोंड उघडत नाहीत, कारण घरी बोलली जाते ती डांगी किंवा वारली बोली आणि पुस्तकात येते ती वेगळीच मराठी. हीच मुले शिवाशिवीत उतरली की दोन-चार दिवसांत एकमेकांना नावाने हाका मारू लागतात. त्या महिन्यात शाळा सोडून परस्पर घरची वाट धरणारी मुले कोणत्याही आश्रमशाळेला नवीन नाहीत. संध्याकाळी ज्यांना खेळायला सोबती मिळतात ती मुले टिकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मैदानाचा आणखी एक उपयोग कोणत्याही तक्त्यात येत नाही. मूल आजारी आहे हे वर्गात उशिरा कळते, कारण वर्गात सगळीच मुले बसलेली असतात. मैदानावर मात्र काल तीन फेऱ्या सहज मारणारी मुलगी आज पहिल्याच फेरीत कमरेवर हात ठेवून थांबली, तर ते लगेच लक्षात येते. ताप, कावीळ, रक्तक्षय, पोटातले जंत, घरून आलेली एखादी वाईट बातमी, या सगळ्याची पहिली चाहूल अनेकदा धावण्यात लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. आमच्या नववी-दहावीच्या मुली याच वयोगटात येतात. त्यांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून काही जणी ती लपवतात किंवा टाकून देतात. गोळी जेवणानंतर, समोर उभे राहून द्यावी आणि त्या संध्याकाळचा सराव हलका ठेवावा, ही साधी व्यवस्था ज्याला मुलींचे धावणे रोज दिसते त्याच्याच लक्षात येते.

सिकलसेलबाबत, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराबाबत, तर अधिक सावध राहावे लागते. हा आजार आदिवासी पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानामुळे तपासणीला गती आली आहे. ज्या मुलाला प्रत्यक्ष आजार आहे त्याला थंडी, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जो केवळ वाहक आहे त्याला एरवी काहीही होत नाही. पण कडक उन्हात, पुरेसे पाणी न पिता त्याला शेवटच्या टोकापर्यंत पळवले तर त्याच्याही जिवाला धोका संभवतो. असे असताना तपासणीचे निकाल आरोग्य पथकाच्या नोंदवहीत राहतात आणि सराव घेणाऱ्याला तोंडी विचारपूस करून माहिती गोळा करावी लागते, ही स्थिती योग्य नाही. पालकांच्या संमतीने आणि गोपनीयता पाळून, मुलांना पळवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला ही माहिती वर्षाच्या आरंभीच लेखी मिळाली पाहिजे. या मुलांना खेळापासून दूर बसवावे असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना बेतशीर खेळू द्यावे, मध्ये मध्ये पाणी पाजावे, विश्रांती द्यावी. त्यासाठी मात्र माहिती हवी.

आता त्या एका समजुतीविषयी लिहितो, जी आमच्या प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या उद्घाटनात ऐकू येते. ‘डोंगरातल्या मुलांच्या पायांत वेग उपजतच असतो,’ असे पाहुणे सांगतात आणि कविता राऊत यांचे नाव घेतात. त्यांचे नाव जरूर घ्यावे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या या धावपटूने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक मिळवले; पुढे २०१६ मध्ये त्या रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. पण त्यांच्या यशामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे झालेला नेमाचा सराव होता, हे त्या भाषणांत येत नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेही आधी कित्येक महिने चाललेल्या निवड आणि प्रशिक्षणानंतर. उपजत वेगाच्या या कौतुकामुळे नकळत असे ठरून जाते की, ही मुले आपोआप घडतात आणि त्यांच्यासाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. डोंगर चढून-उतरून पाय काटक होतात, हे खरे आहे. मात्र पाणी आणि सरपण वाहून थकलेल्या, नागलीच्या अर्ध्या भाकरीवर वाढलेल्या शरीराला वेग टिकवता येत नाही. त्याला आधी अन्न आणि झोप लागते.

म्हणून आहाराची मागणी अगदी मोजकी करतो. सकाळचा सराव संपल्यावर नाश्ता होईपर्यंत मुलांच्या पोटात काही नसते, कारण स्वयंपाकघराचे वेळापत्रक शाळेच्या घंटेवर बेतलेले असते. सराव संपताच मूठभर भिजवलेले चणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा देता यावा, एवढी तरतूद आहाराच्या तक्त्यातच असावी आणि ती मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी असावी. फक्त संघातल्या मुलांना दिले की उरलेली मुले दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायची थांबतात. उन्हाळ्याकडे पाण्याचाही प्रश्न असतो. पावसाळ्यात ओढ्याला पूर येणाऱ्या या भागात मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात आणि सरावानंतर अंग धुवायला पाणी मिळेल याची हमी राहत नाही. खरजेने त्रस्त झालेल्या मुलांना घामाने भिजलेल्या कपड्यांतच वर्गात बसवण्यापेक्षा सराव बंद ठेवणे पत्करावे लागते. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज बांधताना सरावाचा विचार झाला, तर ही वेळ येणार नाही.

सर्वांत अधिक विचार व्हायला हवा तो स्पर्धांच्या रचनेचा. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात आणि तालुक्याच्या फेऱ्या साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकल्या जातात. घाटमाथ्यावरचे हे दोन महिने म्हणजे भाताची आवणी उरकून गेल्यानंतरचा संततधार पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्या मैदानावर चिखल असतो. खो-खोची पाटी आखली तर तासाभरात वाहून जाते आणि खुंटाभोवती डबके साचते. या काळात आम्ही व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या, बैठका आणि जागच्या जागी हुलकावणीचे पवित्रे यांवर भागवतो. मग सपाटीवरच्या, कोरड्या मैदानांवर सराव केलेल्या संघांसमोर उभे राहायचे, तेही बाद पद्धतीच्या सामन्यात. खो-खोच्या सामन्यात नऊ-नऊ मिनिटांचे डाव असतात, लहान गटात ते त्याहून छोटे असतात. एक सामना हरला की अर्ध्या-पाऊण तासात त्या संघाचे वर्ष संपते. परतीच्या गाडीत मुले विचारतात की, आता पुढचा सामना कधी, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सामना नाही, हेच त्यांना सांगावे लागते. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय (एका प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळांच्या) व विभागस्तरीय स्पर्धा पुढे हिवाळ्यात होतात, ही चांगली सोय आहे. पण त्याही दोन-तीन दिवसांच्या मेळ्यात आणि बहुतांशी बाद पद्धतीनेच उरकतात.

खेळ शिकण्याच्या दृष्टीने याहून उलटी व्यवस्था क्वचितच सापडेल. खो-खोत साखळी पळणे, खांबाजवळ गड्याला हुलकावणी देणे, शेवटच्या क्षणी सूर मारणे, ही कौशल्ये अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा पुन्हा खेळूनच पक्की होतात. रोज आपल्याच वर्गमित्रांशी खेळणाऱ्या मुलाला समोरचा कुठे वळणार हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याची नजर घडत नाही. आश्रमशाळा मात्र एकमेकींपासून फार लांब नाहीत; एका प्रकल्पात अनेक शाळा दहा-वीस किलोमीटरच्या टप्प्यात आहेत आणि सगळ्यांकडे मुले चोवीस तास हजर आहेत, जे कोणत्याही शहरी शाळेला शक्य नाही. म्हणून माझी मुख्य विनंती अशी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत प्रत्येक प्रकल्पातील शेजारशेजारच्या चार-सहा शाळांचे गट करून साखळी सामने घ्यावेत. रविवारी एक शाळा दुसरीकडे जाईल, सोबत पहिला संघ, दुसरा संघ आणि लहान गटातली मुलेही जातील, दुपारचे जेवण यजमान शाळा देईल आणि संध्याकाळी सगळे परत येतील. नियम असा असावा की, त्या दिवशी गेलेले प्रत्येक मूल किमान एक डाव खेळले पाहिजे. चषक असावा की नसावा, हे आपण ठरवावे. माझ्या मते नसलेला बरा, कारण चषक आला की तेच बारा खेळाडू पुन्हा पुन्हा उतरवले जातात.

हिवाळ्याचाच आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. द्राक्षांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या आईबापांसोबत मुलेही दिवाळीच्या सुटीत जातात आणि काही उशिरा परततात, वजनाने उतरलेली असतात. शिमग्याला तर सगळा आदिवासी मुलूख घराकडे वळतो आणि त्यानंतर परीक्षा असतात. मधल्या काळात हवा कोरडी असते, मैदान टणक असते आणि वसतिगृह भरलेले असते. मुले परत आल्यावर त्यांना वसतिगृहात रमवायला आणि उतरलेले वजन भरून काढायला रविवारच्या सामन्याइतके दुसरे निमित्त मला तरी सापडलेले नाही.

वयोगटांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट जन्मतारखेवर ठरतात. आमच्या हजेरीपटावर ‘१ जून’ ही जन्मतारीख वाजवीपेक्षा फार वेळा दिसते, कारण मूल पहिलीत दाखल झाले तेव्हा खरी तारीख कोणाला सांगता आली नाही आणि अंदाजाने लिहिली गेली. त्यामुळे एखादे चिमुकले मूल कागदावर मोठे ठरून वरच्या गटात ढकलले जाते, तर दुसरे उगाच संशयाच्या घेऱ्यात सापडते. यावर स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर वाद घालण्यात अर्थ नसतो. साखळी सामन्यांत उंची-वजनाचा विचार करून गट पाडण्याची मोकळीक शिक्षकांना दिली, तर निदान त्या दिवशी तरी खेळ बरोबरीचा होईल.

निवड झालेल्यांसाठी शासनाच्या योजना आहेत : क्रीडा प्रबोधिनी आहेत, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सर्वांचे मोल मी जाणतो. एका नोकरीने एका पाड्यावरचे अख्खे घर उभे राहते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते, तेव्हा आमच्या वसतिगृहात झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. ते सामने मॅटवर, पायात बूट घालून खेळले गेले. आमची मुले लाल मातीत अनवाणी खेळतात आणि मॅटवर त्यांचा पाय प्रथम पडतो तो वरच्या स्तरावरच्या सामन्यात, जिथे घसरण्याची भीती मनात असतानाच डाव संपतो. प्रत्येक प्रकल्पात निदान एका मध्यवर्ती शाळेत मॅट असावी, हे उघड आहे आणि त्यावर अधिक लिहीत नाही.

आता मनुष्यबळाविषयी. सकाळी साडेपाचला मैदानावर असणारा शिक्षक दहा-अकरापासून वर्गावर असतो, संध्याकाळी पुन्हा मैदानावर असतो आणि रात्रीच्या अभ्यासिकेची पाळी आली तर नऊपर्यंत तिथेच असतो. तो हे आनंदाने करतो, म्हणून ते कायम चालेल असे धरून चालणे धोक्याचे आहे, कारण त्या शिक्षकाची बदली झाली की त्या शाळेतला खेळ त्याच आठवड्यात थांबतो. मी अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथे दहा वर्षांत उभे राहिलेले मैदान दोन पावसाळ्यांत गवताखाली गेले. मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर नेमलेला क्रीडा शिक्षक मार्चअखेर नेमणूक संपली की निघून जातो. मुलाच्या वाढीची पाच-सहा वर्षे पाहणारा माणूस तो होऊ शकत नाही. प्रत्येक आश्रमशाळेत क्रीडा शिक्षकाचे नियमित, पूर्णवेळ पद असावे आणि त्याच्या कामाचे तास सकाळ-संध्याकाळचेच धरले जावेत. तोवर, जे विषयशिक्षक हे काम करत आहेत त्यांच्या सरावाच्या तासांची नोंद कार्यभारात घ्यावी आणि त्या बदल्यात त्यांचे वर्गावरचे काही तास कमी करावेत.

मुलींच्या बाबतीत स्त्री-प्रशिक्षक किंवा निदान मैदानावर हजर असणारी प्रशिक्षित सहायिका ही अट असावी. मुलींचा सराव सध्या अधीक्षिकांच्या सवडीवर अवलंबून असतो, आणि शंभर-दीडशे मुलींच्या जेवणखाणापासून आजारपणापर्यंत सारे पाहणाऱ्या अधीक्षिकेला सवड कुठून मिळणार? बाहेरगावच्या सामन्याला सोबत जाणारी स्त्री-कर्मचारी ऐनवेळी उपलब्ध नाही, एवढ्या कारणाने मुलींचा संघ घरी बसतो. पाळीच्या दिवसांत सराव करावा की नाही, हे मुलीला मोकळेपणाने सांगता आले पाहिजे आणि ते ऐकणारी बाई तिथे असली पाहिजे. सातवी-आठवीपर्यंत मुलांच्या बरोबरीने पळणाऱ्या मुली नववीत गेल्यावर मैदानावरून नाहीशा होतात. त्यांच्या पालकांशी बोलल्यावर मला असे आढळले आहे की, त्यांचा विरोध बहुधा खेळाला नसतो, सोबत बाईमाणूस नसण्याला असतो.

खेळाने अभ्यास बुडतो, ही हरकत नेहमी घेतली जाते, विशेषतः दहावीच्या वर्गाबाबत. ज्या मुलांचा दिवस पहाटे सुरू होतो ती मुले रात्रीच्या अभ्यासिकेत पेंगतात, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे त्यांना रात्री नऊ-साडेनऊला झोपू देणे आणि दुपारी तासभर विसावा देणे. वर्गातला अनुभव विचाराल तर, नकाशावर समोच्चरेषा शिकवताना ज्या मुलांनी स्वतः टेकडी चढत धाव घेतलेली असते त्यांना तीव्र उतार आणि सौम्य उतार यांतला फरक मला फळ्यावर समजावून सांगावा लागत नाही. खर्चाची हरकत मात्र मी गांभीर्याने घेतो. पदे आणि मॅट यांना पैसा लागतो आणि ते एका वर्षात होणार नाही, याची मला जाणीव आहे. साखळी सामने, सिकलसेलची माहिती प्रशिक्षकाला देणे, निळी गोळी जेवणानंतर देणे आणि सरावाच्या तासांची कार्यभारात नोंद घेणे, यांना परिपत्रकापलीकडे फारसे काही लागत नाही. चणे-गुळाचा खर्चही आहाराच्या एकूण तरतुदीत जड जाणारा नाही.

आपण एक प्रकल्प निवडावा आणि येत्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हे करून पाहावे. चार महिन्यांनी पदकांचा तक्ता मागवू नये. त्याऐवजी किती मुले डाव खेळली, त्यांत मुली किती, मुलांच्या वजनात व रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये काय फरक पडला, आणि दिवाळी व शिमग्याच्या सुटीनंतर किती मुले वेळेवर परतली, एवढे विचारावे. सामन्यांचे वेळापत्रक जूनमध्येच शाळांना मिळाले तर पावसाळ्यात आम्हाला तयारी करता येईल. आमच्या परिसरातील गटांची आखणी, प्रवासाचे मार्ग आणि प्रत्येक शाळेच्या मैदानाची सद्यःस्थिती यांचा कच्चा आराखडा मी व माझ्या काही सहकाऱ्यांनी तयार केला आहे. आपण सांगाल तेव्हा तो घेऊन हजर होऊ.

कळावे,
आपला विश्वासू,
आश्रमशाळेतील एक शिक्षक व खो-खो प्रशिक्षक